सारिकाची चार मिनिटं

३ नोव्हेंबर, सोमवार

कारखाने सुरू झाले. सकाळपासून उसाचे तीन ट्रॅक्टर आणि घाट चढून आलेला एक ट्रक. ट्रकवाल्यानं इंजिन गरम असतानाच रेडिएटरचं टोपण काढलं, हात भाजला. त्याला आधी नळाखाली बसवलं, मग रेडिएटरकडं बघितलं. मांजरसुंब्याला थांबणारा प्रत्येकजण पुढं कुठंतरी निघालेला. माझ्याशी बोलतो ते कामापुरतं.

'लंबगोल' या आमच्या रग्बीवाल्यांच्या ग्रुपवर दुपारपर्यंत दीडशे मेसेज. फेडरेशनचे अध्यक्ष चौथ्यांदा उभे राहणार. त्यासाठी घटनेतला नियम बदलायचा, सभा २१ डिसेंबरला पुण्यात. कोल्हापूरचा किरण पेटलाय. "देशाची रग्बी म्हणजे यांच्या घरची खाजगी शेती आहे का?" पुण्याचे गोखले सर, निवृत्त रेफरी, नेहमीसारखे थंड. "माणूस बदला, पण संस्था मोडू नका. ती उभी करायला तीस वर्षं लागली." दोघांचंही पटतं. म्हणून मी काहीच लिहीत नाही.

समोरच्या ढाब्यावर दत्ताला सांगून बघितलं. त्याला रग्बी कळत नाही, निवडणूक कळते.

"मत कुणाला हाय?"

"राज्य संघटनांना."

"आन् खेळणाऱ्याला?"

"न्हाई."

"मंग आपल्या कारखान्यावानीच की, निसारभाई. ऊस तोडणाऱ्याला कुठं मत असतंय."

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं, तो उठला. आजचं बोलणं एवढंच. तरी बरं वाटलं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

जुम्म्याची नमाज झाली, दुकान उघडायचा कंटाळा आला. घरवाली, शमीम, पुण्याला लेकीकडं जाऊन वर्ष झालं. नातू चालायला लागला म्हणे. फोनवर रोज तेच विचारते, "कब आरे?" मी म्हणतो, सीझन होऊ दे. मागच्या सीझनलाही हेच म्हटलं होतं.

आज ग्रुपवर लिहिलं. लई महिन्यांनी. अध्यक्षांच्या बाजूनं. सात वर्षांपूर्वी त्यांच्याच योजनेतून लिंबागणेशच्या शाळेत सहा चेंडू आले. पी.टी.च्या मास्तरांना ते काय आहे तेच कळेना. कुणीतरी सांगितलं, मांजरसुंब्याचा रेडिएटरवाला पुण्यात हा खेळ खेळायचा. मास्तर गाडी घेऊन दुकानात आले. अब्बांना लकवा मारला म्हणून पुणं सोडून आलतो, त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षांत चेंडू हातात न्हाई. त्या दिवशी शाळेच्या मैदानात उभा राहिलो, एक पास दिला आणि समोरच्या पोरीनं तो पळता पळता छातीशी धरला. बारा वर्षांची. दिंद्रुडची, मामाकडं शिकायला राहिलेली. सारिका. त्या मैदानात तिला मीच शिकवलं, आज ती देशाच्या शिबिरात आहे. चेंडूच आले नसते तर?

हे सगळं लिहिलं. नीट, दोनदा वाचून.

किरणचं उत्तर, "चाचा, सहा चेंडूंवर किती वर्षं गप्प बसणार?"

त्यावर सतरा जणांनी हसरे चेहरे टाकले. मोजायला नको होते.

११ नोव्हेंबर

सारिकाचा फोन. शिबिरातून. जेवण चांगलं, मैदान चांगलं, सगळं चांगलं. एवढं चांगलं ती कधी सांगत नाही. मागच्या शिबिरात तिनं पावापासून पलंगापर्यंत सगळ्याला नावं ठेवली होती.

"बेटा, काही झालं का?"

"न्हाई चाचा. सराव हाय आता. ठेवते."

सरावाची वेळ नव्हती. दुपारचे अडीच.

१६ नोव्हेंबर, रविवार

सारिकाचा आवाजी मेसेज. चार मिनिटं. दुकानाच्या मागं उभं राहून ऐकला, मग परत ऐकला.

प्रशिक्षकाला शिबिराच्या मध्यातच काढलं. कारण सांगितलं नाही. नवा मॅनेजर आला तो अध्यक्षांचा जावई. त्याला स्क्रमच्या रेटारेटीत किती जणी लागतात तेही विचारावं लागतं. मंगळवारी एका ओडिशाच्या मुलीचा गुडघा टॅकलमध्ये पडताना फिरला. शिबिरात डॉक्टर नाही. मॅनेजर म्हणाला, बर्फ लावा, उद्या बघू. ती किंचाळायची थांबेना. मग चौघींनी जेवणाच्या खोलीतलं बाकडं आणलं, तिला त्याच्यावर निजवलं आणि फाटकापर्यंत उचलून नेलं. रिक्षा केली. दवाखान्यात सांगितलं, आणखी उशीर केला असता तर अवघड होतं. परत आल्यावर मॅनेजरनं चौघींना उभं केलं. बाहेर एक शब्द गेला तर संघाच्या यादीत नाव दिसणार नाही.

शेवटी आवाज खाली आणून, "चाचा, कुणाला सांगू नका. यादी लागायचीय. मला नुसतं बोलायचं होतं."

मी लिहिलं, "नाही सांगणार बेटा. अल्ला कसम."

१९ नोव्हेंबर

ग्रुपवर गोखले सरांनी सगळ्यांना गप्प केलं. "आरोप पुष्कळ झाले. एका तरी खेळाडूची तक्रार दाखवा. नुसत्या हवेत गोळ्या नकोत." तशी तक्रार कुणाकडंच नव्हती.

माझ्या खिशात चार मिनिटं.

लिहिलं, पुसलं. ट्रॅक्टरची टाकी सोडवायला घेतली. हात धुऊन परत लिहिलं, परत पुसलं. दत्ता म्हणाला, "दुपारधरून फोन पुसायलाय. फुटला का?"

२० नोव्हेंबर, गुरुवार

टाकलं.

नाव नाही, गाव नाही, राज्य नाही. 'एका खेळाडूनं सांगितलं' असं. प्रशिक्षकाचं, जावयाचं, डॉक्टर नसल्याचं, आणि बाकड्याचं. बाकड्याशिवाय त्या लिखाणात जीव नव्हता. ते ठेवलं.

दहा मिनिटांनी सुरू झालं. चाचा, डोळ्यांत पाणी आलं. चाचा, तुम्ही इतके दिवस कुठं होता. गोखले सरांनी नुसतं वाचलं. किरणनं फोन केला. चार वर्षं ग्रुपवर आहे, आवाज आज पहिल्यांदा ऐकला. अर्धा तास बोलला. माझा खेळ विचारला, कुठल्या जागेवर खेळायचो, खेळताना कान कसा सुजला ते विचारलं. सगळं सांगितलं.

खरं लिहायचं तर आज मी लई खूश होतो.

२२ नोव्हेंबर

मजकूर दुसऱ्या ग्रुपांवर गेला. कुणीतरी इंग्रजी केलं. माझंच लिखाण मला परत आलं, वर 'फॉरवर्डेड'. खाली माझं नाव नाही. एका बातमीदारानं ग्रुपवरून नंबर काढून विचारलं, ती खेळाडू कोण? सांगितलं नाही. आपण शब्द पाळला असं वाटलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सारिकाचा मेसेज, सकाळी सात वाजता.

"चाचा, बाकड्याचं फक्त आमा चौघींनाच माहीत होतं."

फोन केला. उचलला नाही. परत केला. बंद.

चौघींतल्या मराठी बोलणाऱ्या किती, हा विचार मला चार दिवस उशिरा सुचला. एकच. आणि लिहिलं होतं मराठीत.

आज दुकानात काय काम केलं आठवत नाही. एक टाकी उलटी बसवली. गिऱ्हाईकानंच दाखवलं.

२८ नोव्हेंबर

यादी लागली. गोखले सरांनी ग्रुपवर टाकली, खाली एक शब्द नाही. वरून खाली वाचली. खालून वर वाचली. नाव नाही.

किरणनं शोधून काढलं. "बीडची सारिका नाही यादीत. म्हणजे तीच होती. बघा सूड. आता आपल्या लढ्याला चेहरा मिळाला." तिचा जुना फोटो टाकला. चेंडू घेऊन पळतानाचा. तो फोटो मीच कधीतरी ग्रुपवर कौतुकानं टाकलेला.

मी लिहिलं, मुलीचं नाव घेऊ नका. फोटो काढा.

"चाचा, घाबरू नका. आपण सगळे तिच्या मागं आहोत."

तिच्या मागं कोण कोण आहे ते वाचत बसलो. एकालाही तिचं आडनाव माहीत नाही.

२ डिसेंबर

गोखले सरांचा फोन. मी उभा राहिलो, तसंच उभं राहून बोललो.

"निसार, तुम्ही लिहिलंत ते खरं होतं?"

"हो सर."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही. तिनं सांगितलं."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी पुरावा मागितला तो समोरच्याचं तोंड बंद व्हावं म्हणून. तो कुणाला द्यावा लागेल याचा विचार केला नाही. ती माझी चूक. तुमची तुम्हाला माहीत आहे."

मग कामाचं बोलले. निनावी मजकूर सभेत कुणी हातात घेणार नाही. स्वतःच्या नावानं, सहीनं तक्रार असेल तर सभेपुढं ठेवावी लागते. एका राज्य संघटनेचे सचिव त्यांच्या ओळखीचे, ते ठेवतील. "पण ते तिनं ठरवायचं. तुम्ही तिला गळ घालू नका."

मी म्हटलं, ती फोनच उचलत नाही.

"मग जा," म्हणाले. "फोननंच झालंय ना सगळं."

६ डिसेंबर, शनिवार

दुकान बंद ठेवून दिंद्रुडला गेलतो. दोन गाड्या बदलून. तिच्या वडिलांचं, बाबुरावांचं, बियाण्याचं दुकान बाजारात. सात वर्षांपूर्वी याच माणसाला पटवायला आलतो, पोरीला बाहेरगावी खेळायला पाठवा म्हणून. तेव्हा तीन तास लागले होते.

आज त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. पोत्यावर पोतं रचत राहिले.

"सारिका घरी हाय का?"

"हाय."

"जरा बोलायचं होतं."

"ती कुणाशीच बोलंना. आईशी बी न्हाई." एक पोतं सरळ केलं. "निसारभाई, तिला घरातून बाहेर तुमी काढलं. आमी ऐकलं तुमचं. आता तिकडून बी तुमीच काढलं. मंग आमी कुणाचं ऐकावं?"

बसून राहिलो. घर दुकानाच्या मागंच. मधल्या दाराचा पडदा हलला, वाटलं येते. तिची आई होती, चहा घेऊन. आईनं कप हातात दिला आणि हळूच म्हणाली, "ती आयकायलीय आतून. बोला तुमाला काय बोलायचं ते."

पडद्याकडं बघून बोलता आलं नाही. चहा संपवला, सलाम केला, निघालो.

परतीच्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली. सगळीकडं ऊस. माजलगावापर्यंत मनात बोलत होतो, जे तिथं बोलायला पाहिजे होतं.

१२ डिसेंबर

'लंबगोल' सोडला. 'निसार यांनी ग्रुप सोडला', एवढी ओळ तिथं पडली असेल आणि तिच्यावर लगेच दुसरं काही. चार वर्षं सकाळी उठल्यावर पहिलं तेच बघायचो. आज उठलो, फोन बघितला, त्यात काहीच नव्हतं. फजरच्या नमाजनंतर दुकानाच्या पायरीवर बसून गाड्या मोजल्या.

फक्त किरणचा मेसेज आला. "चाचा, ऐन लढाईत कावून सोडलं?" कोल्हापूरचा माणूस, 'का' म्हणायचं सोडून आमच्याकडचा 'कावून' वापरून. प्रेमानंच विचारलं असेल. उत्तर दिलं नाही.

शमीमला सगळं सांगितलं. ती पुष्कळ वेळ ऐकत राहिली. मागं नातवाचा आवाज. मग म्हणाली, "तुमको कोई नहीं है वहाँ बोलने को. इसलिए हुआ ये." रागानं नाही म्हणाली. त्यानं जास्त लागलं.

१५ डिसेंबर, सोमवार

पत्र लिहिलं. फेडरेशनला, माझ्या नावानं. की मजकूर मी लिहिला. की खेळाडूनं मना केलं असताना तिचा शब्द मी फोडला. की शिक्षा द्यायची तर मला द्या, शाळेच्या मैदानात पाय ठेवणार नाही. तिला मोठ्या मनानं माफ करून परत घ्यावं.

पाठवणार होतो. पाकीटसुद्धा आणलं. मग लक्षात आलं, या पत्रात मी परत तिचंच नाव सांगतोय. परत तिला न विचारता.

पानाचा फोटो काढून तिला पाठवला. खाली लिहिलं, "तू हो म्हणालीस तरच टाकीन."

निळ्या खुणा लगेच उमटल्या. उत्तर नाही.

१८ डिसेंबर

उत्तर नाही. दत्तानं मटार सोलायला बसवलं. म्हणाला, हातानं काम नसलं की माणूस इचार करतंय. मी म्हटलं, दुकानात काम आहे की. "त्ये एकट्याचं काम," म्हणाला. दोघांनी एक मोठं घमेलं सोललं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सारिका आली.

दुपारी बीडकडं जाणारी एसटी थांबली, त्यातून उतरली, पाठीवर खेळाची पिशवी. मी ट्रकखाली होतो. आधी बूट दिसले. बाहेर आलो तर समोर. बारीक झालीय. स्टूल पुढं केलं, बसली नाही.

"तुमी कावून केलं हे, चाचा?"

महिनाभर उत्तरं जुळवली होती. खेळासाठी, अन्यायासाठी, त्या ओडिशाच्या पोरीसाठी. निघालं ते दुसरंच.

"कुणीतरी माझं ऐकावं म्हणून," मी म्हटलं.

ती माझ्याकडं बघत राहिली. डोळे भरले, पण रडली नाही. "मला वाटलं, माझ्यासाठी केलं. मी घरात रोज तेच म्हणायचे. चाचानं चुकीचं केलं पण माझ्यासाठी केलं."

खोटं बोललो असतो तर बरं झालं असतं का? अजून कळत नाही.

ट्रकवाला मधेच विचारून गेला, किती वेळ. मी हातानं थांब म्हटलं.

मग तिनं पिशवीतून कागद काढला. माझ्या पत्राची तिनं हातानं नक्कल उतरवलेली. एका ओळीवर आडवी रेघ. "हे, माफ करावं. कशाची माफी? मी काय चोरी केली? पोरीला उचलून नेलं ती?"

"न्हाई बेटा."

"मंग कावून लिहिलं?"

दुसरा कागद तिचा स्वतःचा. दीड पान, खाली सही, पूर्ण नाव, गाव. ओडिशाच्या मुलीशी रोज बोलते म्हणाली. तीही हिंदीत तक्रार पाठवणार आहे, भाऊ लिहून देतोय; तिचा पाय अजून उचलत नाही. उचलणाऱ्या बाकीच्या तिघी यादीत आहेत, त्या सही करणार नाहीत. "त्यांना मी इचारलं बी न्हाई. त्यांना खेळू दे."

गोखले सरांचा नंबर मागितला. माझ्यासमोरच फोन केला. मी बाजूला गेलो. दहा मिनिटं बोलली. ठरलं. सभेच्या दिवशी सर आणि ते सचिव तिला आत नेतील. बोलू देतील की नुसतं पत्र घेतील, माहीत नाही. कदाचित दारातूनच परत.

"अण्णा पाठवायला तयार न्हाईत एकटीला," म्हणाली. चेहरा दुसरीकडं. "म्हणले, दुकान सोडून मला येता येत न्हाई. निसारभाई येत असतील तर जा."

बाबुराव असं म्हणाले यावर विश्वास बसेना. परत विचारलं नाही.

"तू म्हणशील तसं," मी म्हटलं.

"चला," म्हणाली. एवढंच.

२१ डिसेंबर, रविवार. पुणे

काल शमीमकडं मुक्काम. सारिकाला तिनं दोनदा वाढलं. नातू मला बघून रडला, मग दाढी धरून बसला. सकाळी निघताना शमीमनं सारिकाची ओढणी नीट केली. मला काही बोलली नाही, पण दारापर्यंत आली.

सभा एका हॉटेलात, पहिल्या मजल्यावर. खाली पार्किंगमध्ये किरण आणि सात-आठ जण, काळे टी-शर्ट घालून. किरण मला वाटला त्यापेक्षा वयानं लहान. मिठी मारली. सारिकाला बघून फोन काढायला लागला, तशी ती म्हणाली, "दादा, फोटो नको." त्यानं खिशात ठेवला. ओशाळला बिचारा.

अध्यक्ष आले. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. म्हातारे, एका हातात काठी. वाईट माणूस कसा दिसतो ते बघायला गेलतो, तर ते पायरीवर थांबून दम घेत होते. किरणची पोरं ओरडली. ते हात जोडून आत गेले. सहा चेंडू यांनीच पाठवले, गुडघ्याला डॉक्टर यांनीच दिला नाही. दोन्ही खरं. या दोन्हीचं काय करायचं ते मला अजून उमजत नाही.

अकराला गोखले सर खाली आले. उंच, वाकलेले. माझा हात धरला, जोरात. सारिकाला म्हणाले, "सगळं सांगायचं. रडू आलं तर थांबायचं, मग परत सांगायचं." आत फोन नेऊ देत नाहीत. तिनं फोन काढला, इकडं तिकडं बघितलं, आणि माझ्या हातात दिला. गेली.

आता एक वाजून वीस. पार्किंगच्या कठड्यावर बसून लिहितोय. वर जेवणाच्या थाळ्या गेल्या. म्हणजे सभा चालू आहे. ती आतल्या खोलीत आहे की बाहेरच्या बाकावर बसवलीय, कळायला मार्ग नाही. किरण दर पाच मिनिटांनी येऊन विचारतो. अंदाज सांगतो. मत कुणाकडं किती. मी ऐकतो.

मघाशी तिच्या फोनवर बाबुरावांचा फोन. घेऊ की नको. घेतला.

"काय झालं?"

"आत हाय अजून. दोन तास झाले."

"बोलू दिलं का तिला?"

"माहीत न्हाई."

त्यांच्या मागं बाजाराचा आवाज येत होता.

"जेवली का?"

"न्हाई. सकाळी चहा-पोहे."

"आन् तुमी?"

"मी बी न्हाई."

मग म्हणाले, "ठेवू नका फोन. आसू द्या चालू."

मी कठड्यावर फोन ठेवला, आवाज मोठा करून. पलीकडं ते पोती हलवतायत, इकडं मी जिन्याकडं बघतोय. आत्ता कुणीतरी उतरतंय. बुटांचा आवाज तिचाच. वही मिटतो.